विश्लेषण : इंजिन क्रेनची चाके बदलणे धोक्याचे का?

गाडीचे इंजिन उतरवायला गॅरेजमध्ये जी घडीची हायड्रॉलिक क्रेन वापरतात, तिच्याबद्दल मेकॅनिकची एक तक्रार हमखास असते : ती ढकलता ढकलत नाही. मूळची लोखंडी किंवा नायलॉनची चाके जेमतेम तीन इंची. कोब्याला गेलेली भेग, खाली पडलेला नट, वेल्डिंगची केबल, काहीही आडवे आले की क्रेन जागीच अडते. मग बाजारातून सहा इंची रबरी चाके येतात, पट्टी वेल्ड करून ती बसवली जातात आणि क्रेन सुरळीत पळू लागते. तक्रार खरी आहे. उपाय मात्र बहुतेक वेळा चुकीचा आहे.

उंची वाढली की काय होते?

क्रेन उलटू नये यासाठी हुकाला लटकलेले वजन चाकांच्या चौकटीच्या आतच राहावे लागते. खर्च वाचवायला अनेक जण फक्त मागची, फिरती चाके बदलतात. मागची बाजू उचलली गेली की सगळी क्रेन पुढे झुकते. पुढच्या आणि मागच्या चाकांत दीड मीटर अंतर असेल आणि मागची बाजू साडेसात सेंटीमीटर वर गेली, तर दोन मीटर उंचीवरचा हुक सुमारे १० सेंटीमीटर पुढे सरकतो. बूम आधीच पूर्ण बाहेर काढलेला असेल, तर एवढेही पुरते.

सगळी चाके बदलली तर? मग क्रेनचे पाय उंच होतात आणि गाडीखाली नीट शिरत नाहीत. क्रेन लांब उभी राहते, बूम आणखी बाहेर काढावा लागतो. दोन टनांच्या अनेक क्रेन बूम पूर्ण लांबवल्यावर अर्धा टनच उचलू शकतात. हा आकडा बूमवरच लिहिलेला असतो, पण तेलाच्या थराखाली तो वाचतो कोण!

दुकानातला हिशेब

‘एका चाकाला २०० किलो, चार चाकांना ८०० किलो’ असे विक्रेता सांगतो. पण खडबडीत जमिनीवर चौथा पाय अधांतरी राहतो, जसा हलणाऱ्या स्टुलाचा. म्हणून निदान तिनाने भागावे. क्रेनच्या बाबतीत तेही पुरत नाही, कारण इंजिन पुढच्या बाजूला लटकते. ४०० किलोचे इंजिन मागच्या चाकांपासून तीन चतुर्थांश अंतरावर असेल, तर त्यातले ३०० किलो पुढच्या दोन चाकांवरच येतात. क्रेनचे स्वतःचे वजन वेगळे. त्यात चाक भेगेत आदळले तर तो धक्काही त्यालाच सोसावा लागतो. हवेचे टायर असतील, तर ते एका बाजूने दबून क्रेन कलते. आणि पोकळ पायावर ओबडधोबड वेल्डिंग केले, तर पाय त्याच जागी कमजोर होण्याची शक्यता असते.

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ ने उचल यंत्रांवर सुरक्षित भार ठळक लिहिणे आणि १२ महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून पूर्ण तपासणी करणे बंधनकारक केले. चार-पाच माणसांच्या गॅरेजपर्यंत हा कायदा पोहोचलाच नाही. तिथे झुलते इंजिन हाताने धरून चालणारा बहुधा सगळ्यात नवखा हेल्पर असतो, आणि पहिला धोका त्याच्याच पायांना.

क्रेन पळवायचीच कशाला?

हे यंत्र उचलण्यासाठी आहे, वाहतुकीसाठी नाही. चाक झिजले असेल तर त्याच उंचीचे, भारक्षमता छापलेले चाक मूळच्या भोकांत बोल्टने बसवावे. एरवी इंजिन सुटून वर आले की क्रेनऐवजी गाडीच मागे ढकलावी आणि इंजिन जागच्या जागी बुटक्या ट्रॉलीवर उतरवावे. मोठी चाके हवीत तर त्या ट्रॉलीला लावावीत. तिथे इंजिन जमिनीपासून जेमतेम दोन वीत उंच असते.