स्वतंत्र भारताचीं पहिलीं नाणीं

नाणीं जमविण्याचा छंद म्हणजे लोभाचें धाकटें भावंड, असें कित्येक पालकांस वाटतें. केवळ किंमतीवर दृष्टि ठेवून हा छंद केला, तर त्यांचें म्हणणें खरेंच ठरेल. परंतु नाण्याकडे इतिहासाचें साधन म्हणून पाहावयास शिकलेला विद्यार्थी लोभी न होतां विचारी होतो, असें आमचें मत आहे. आणि या शिक्षणास आपल्या स्वतंत्र देशाच्या पहिल्या नाण्यांइतकें सोईचें साधन क्वचितच मिळेल.

देश १९४७ सालीं स्वतंत्र झाला. तथापि पुढेंही तीन वर्षें बाजारांत सहाव्या जॉर्ज बादशहाच्या मुखवट्याचींच नाणीं चालत होतीं. प्रजासत्ताक स्थापन झाल्यावर, १५ ऑगस्ट १९५० रोजीं, नवीं नाणीं निघालीं. राजाच्या मुखाच्या जागीं सारनाथच्या अशोकस्तंभावरील सिंह आले. १९४७ च्या रुपयावर वाघ होता. तेथें आतां धान्याच्या लोंब्या आल्या. पैशावर घोडा आणि अर्धा आणा, आणा व चवली यांवर बैल आला. हे दोन्ही प्राणी त्याच स्तंभशीर्षाच्या बैठकीवर कोरलेले आहेत.

येथें एक गोष्ट विशेष लक्षांत घ्यावी. राजाचें मुख काढून तेथें दुसऱ्या कोणा थोर पुरुषाचें मुख बसविलें नाहीं. प्रभु येशूनें दिनार मागवून त्यावरील मुखवटा कोणाचा, असें विचारलें, तेव्हां लोकांस कैसराचें नांव घ्यावें लागलें. १९५० च्या रुपयाविषयीं तोच प्रश्न केला, तर कोणाही एका मनुष्याचें नांव सांगतां येत नाहीं. राज्य एकाचें नसून सर्वांचें आहे, हा नागरिकशास्त्राचा धडा त्या लहानशा चकतींत सामावलेला आहे. म्हणून चांदीच्या जुन्या रुपयासाठीं धांवणें आणि निकेलचा हा रुपया बाजूस टाकणें आम्हांस योग्य वाटत नाहीं.

या नाण्यांचा काळ थोडाच ठरला. सोळा आणे, चौसष्ट पैसे व एकशें ब्याण्णव पै हा रुपयाचा हिशेब १ एप्रिल १९५७ रोजीं बदलला व रुपयाचे शंभर नये पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नये पैसे! पाव पैसा द्यावा कसा? म्हणून एका आण्यास सहा व तीन आण्यांस एकोणीस नये पैसे असें कोष्टक ठरलें. १ जून १९६४ पासून 'नये' हें विशेषण गळालें. पण 'सोळा आणे खरें' असें आपण अजूनही म्हणतोंच.

विद्यार्थिमित्रांनो, हीं नाणीं शक्यतों विकत घेऊं नका. प्रथम आजीच्या डब्यांत शोधा. चिंच किंवा राख लावून तीं घांसूं नका, कारण त्यायोगें वरचें कोरीवकाम झिजतें. कडेनें धरा, कोऱ्या कागदाच्या पाकिटांत ठेवा आणि वहींत साल, धातु व टांकसाळ यांची नोंद करा. सालाखालीं हिऱ्याची आकृति असेल, तर तें नाणें मुंबईचें समजावें. तसेंच, तें कोणीं दिलें व त्या काळीं त्यांत काय मिळत असे, हेंही लिहा.

पालकांस एवढीच विनंति कीं, मुलांचे हे प्रश्न घरांतील वृद्ध मंडळींपर्यंत पोहोंचूं द्यावेत. नाणें पुढेंमागें कोठेंही मिळेल. परंतु चवली हातांत घेऊन बाजारास गेलेलीं माणसें दिवसेंदिवस विरळ होत चाललीं आहेत.