सरासरी काढण्याची घाई

गणिताच्या तासाला फळ्यावर दहा आकडे लिहिले, की वर्गातले निम्मे हात लगेच बेरजेला लागतात. बेरीज केली, दहाने भागले, उत्तराखाली दोन रेघा मारल्या, की काम संपले. ते आकडे कशाचे होते, कोणाचे होते, हे विचारण्याची गरज कोणाला वाटत नाही. परीक्षेत त्याला गुणही नसतात. विद्यार्थी मित्रहो, माझे मत असे आहे, की सांख्यिकीची ओळख या घाईतून करून देणे चुकीचे आहे. सरासरी ही पहिली पायरी नव्हे. तिची पाळी बऱ्याच उशिरा यायला हवी. मी असे का म्हणतो, हे कळण्यासाठी एका दुकानाची हकिकत सांगतो.

मी नववीत होतो. दिवाळीच्या सुट्टीत ओळखीच्या एका वह्या-पुस्तकांच्या दुकानात हिशेबाला मदत करायला जात असे. दुकानात विक्रीला दोन माणसे होती. एक काका, दुकान उघडायचे तेच आणि कुलूप लावायचेही तेच. दुसरी एक ताई. ती कॉलेजात शिकत असे आणि दुपारनंतर यायची. कोणी किती रुपयांचा माल विकला, हे कच्च्या वहीत दोन वेगळ्या रकान्यांत रोज लिहिले जाई. एके दिवशी मालकांनी मला ती वही दिली आणि सांगितले, “सहामाहीच्या आधीचे दहा दिवस घे आणि दोघांची सरासरी काढ.” दोघांपैकी एकाला कमी करावयाचे होते, हे मला नंतर कळले.

इतक्या वर्षांनी ते आकडे तंतोतंत आठवणे शक्य नाही. हिशेब सोपा व्हावा म्हणून मी ते गोल करून घेतले आहेत, पण त्यांचा घाट तोच ठेवला आहे. काकांची रोजची विक्री अशी होती: ९००, १,१००, १,०००, ९५०, १,०५०, १,०००, १,१५०, ९००, १,०००, ९५०. ताईची अशी: ६००, ७००, ६५०, ७५०, ७००, ६००, ५,९००, ७००, ६५०, ७५०.

बेरीज करून पाहा. काकांची दहा हजार, ताईची बारा हजार. म्हणजे सरासरी, जिला तुमच्या पुस्तकात मध्य म्हणतात, ती काकांची १,००० आणि ताईची १,२००. मी कागदावर दोन्ही आकडे सुवाच्य अक्षरात लिहून दिले. मालकांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, “म्हणजे काकाच मागे आहेत तर!” काका तेव्हा माळ्यावरून वह्यांचा गठ्ठा उतरवत होते.

माझ्या गणितात चूक नव्हती. पण त्या दिवशी संध्याकाळी आमचे गणिताचे गुरुजी शाईची बाटली घ्यायला दुकानात आले नसते, तर माझ्या बरोबर गणितामुळे एका माणसाची नोकरी गेली असती.

गुरुजींनी कागद पाहिला नाही. त्यांनी वही मागितली. मग दुकानाच्या फरशीवर खडूने एक लांब रेघ ओढली आणि तिच्यावर वीत-वीत अंतरावर खुणा केल्या. पहिली खूण ६०० ची, पुढची ७०० ची, अशी शंभराला एक वीत. काकांच्या प्रत्येक दिवसासाठी एक चिंचोका आणि ताईच्या प्रत्येक दिवसासाठी एक पांढरा खडा मी त्या त्या जागी ठेवायचा. काकांचे दहाही चिंचोके ९०० ते १,१५० यांच्या दरम्यान, अडीच वितींच्या जागेत, एकमेकांना चिकटून बसले. ताईचे नऊ खडे ६०० ते ७५० यांच्यामध्ये, त्याहूनही दाटीने बसले. राहिला एक खडा. तो ५,९०० चा. त्याची जागा पहिल्या खुणेपासून ५३ वितींवर. मी मोजत मोजत उंबरठा ओलांडला, पायरी उतरलो आणि तो खडा रस्त्याच्या पलीकडच्या कडेला, सायकलच्या दुकानासमोर, ठेवून आलो. पंक्चर काढणारा मुलगा माझ्याकडे बघतच राहिला.

“आता तुझी १,२०० ची खूण कुठे येते, ते दाखव,” गुरुजी म्हणाले. ती खूण जिथे येत होती, तिथे ताईचा एकही खडा नव्हता. दहापैकी नऊ दिवस तिची विक्री तिच्या स्वतःच्याच सरासरीहून पुष्कळ कमी होती, आणि दहाव्या दिवशी जवळजवळ पाचपट. ताईची विक्री रोज साधारण १,२०० ची आहे असे जो म्हणेल, तो दहाही दिवस चुकेल! काकांच्या बाबतीत मात्र १,००० हा आकडा खरोखरच चिंचोक्यांच्या ढिगाच्या मधोमध येत होता.

मग त्यांनी मला खडे चढत्या क्रमाने मोजायला लावले. दहा आकड्यांमध्ये मधले दोन म्हणजे पाचवा आणि सहावा. त्यांच्या मधोमध येतो तो मध्यक. काकांचा मध्यक १,०००, ताईचा ७००. सायकलच्या दुकानासमोरचा तो खडा आणखी एक मैल दूर नेऊन ठेवला असता, तरी ताईचा मध्यक ७०० च राहिला असता. सरासरी मात्र त्या एकट्या खड्यामागे धावत गेली असती. मध्य आणि मध्यक यांच्यातला हा फरक मला पुस्तकातल्या सूत्रांनी कधी कळला नव्हता.

हे सगळे फरशीवर न पसरताही ओळखता येते का? थोडेफार येते. आकडे सरासरीपासून किती विखुरले आहेत हे सांगणारे प्रमाण विचलन काढले, तर काकांचे सुमारे ७७ रुपये येते आणि ताईचे सुमारे १,५६७. ताईचे विचलन तिच्या सरासरीहूनही मोठे आहे! विक्री काही शून्याच्या खाली जात नाही. तेव्हा असे झाले, की कुठेतरी एखादा आकडा फार लांब जाऊन बसला आहे, असा संशय घ्यावा. पण संशय आला, तरी शेवटी वही उघडावीच लागते.

जॉन टूकी नावाच्या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञाने हीच गोष्ट फार जोराने मांडली. १९७७ साली त्याने ‘एक्सप्लोरेटरी डेटा ॲनालिसिस’ नावाचे जाडजूड पुस्तक लिहिले. त्याचा सगळा भर आकडेमोडीच्या आधी आकडे न्याहाळण्यावर आहे. (संगणकाच्या भाषेतला ‘बिट’ हा शब्दही याच टूकीचा.) एका आकड्याऐवजी पाच आकडे लिहावेत अशी त्याची युक्ती होती: सर्वांत लहान, खालच्या निम्म्याचा मध्यक, सगळ्यांचा मध्यक, वरच्या निम्म्याचा मध्यक आणि सर्वांत मोठा. आपल्या दुकानाला ती लावून पाहा. काका: ९००, ९५०, १,०००, १,०५०, १,१५०. ताई: ६००, ६५०, ७००, ७५०, ५,९००. शेवटच्या दोन आकड्यांमधली ती उडी डोळ्यांत भरल्याशिवाय राहत नाही.

त्याच्याही चार वर्षे आधी, १९७३ मध्ये, फ्रान्सिस अँस्कोम याने एक गंमत करून दाखवली होती. त्याने अकरा-अकरा जोड्यांचे चार संच तयार केले. चारही संचांची सरासरी सारखी, विखुरलेपणा जवळजवळ सारखा, त्यांच्यातून जाणारी सरळ रेषासुद्धा सारखीच. पण आलेखावर बिंदू मांडले, की एक संच रेषेभोवती विखुरलेला, दुसरा कमानीसारखा वाकलेला, तिसरा सरळ रेषेत पण एक बिंदू भलतीकडे, आणि चौथ्यात दहा बिंदू एकावर एक उभे आणि अकरावा लांब कोपऱ्यात! ज्याला आलेख काढायचा कंटाळा, त्याला हे चारही संच एकच वाटणार.

आणि हे आलेख तरी प्रथम कोणी काढले? व्यापाराचा हिशेब दाखवणाऱ्यानेच. विल्यम प्लेफेअर हा स्कॉटलंडचा गृहस्थ वाफेच्या यंत्राच्या जेम्स वॉटकडे नकाशे काढण्याचे काम करीत असे. १७८६ साली त्याने इंग्लंडच्या आयात-निर्यातीचे आलेख छापले. स्कॉटलंडचे मात्र त्याच्याकडे एकाच वर्षाचे, १७८१ पर्यंतचे, आकडे होते. काळाबरोबर चढणारी-उतरणारी रेघ काढणे शक्य नव्हते. नाइलाजाने त्याने प्रत्येक देशासाठी एक-एक पट्टी काढली. तुम्ही पाठ्यपुस्तकात काढता तो स्तंभालेख असा, माहिती अपुरी पडल्यामुळे जन्माला आला.

असो. आपण दुकानात परत येऊ, कारण हकिकत अजून संपलेली नाही. आतापर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, की मध्यकाने न्याय केला. काका पुढे, ताई मागे. मालकांनाही तसेच वाटले आणि ते घाईघाईने ताईचे नाव खोडायला निघाले! गुरुजींनी विचारले, “ही मुलगी दुकानात किती तास असते?” काका दहा तास उभे असत, ताई चार तास. म्हणजे नेहमीच्या दिवशी काकांची विक्री तासाला १०० रुपयांची, ताईची १७५ ची. पारडे पुन्हा फिरले. पण ताईचे चार तास म्हणजे शाळा सुटल्यानंतरचे, गर्दीचे. सकाळी अकराच्या उन्हात दुकानात चिटपाखरू नसे, तेव्हा काका एकटे धूळ झटकत असत. मग चांगला विक्रेता कोण? वहीतल्या आकड्यांवरून ते ठरवता येत नव्हते. दोघांनी आठवडाभर वेळा बदलून पाहाव्यात, असे गुरुजींनी सुचवले. मालकांनी ते काही केले नाही.

राहिला रस्त्यापलीकडचा खडा. तो आम्ही सगळ्यांनीच नशिबाचा म्हणून बाजूला टाकला होता. एका शाळेने सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे कागद एकगठ्ठा नेले, तो दिवस. मी ताईला सहज विचारले, तेव्हा ती म्हणाली, “अरे, त्या शाळेचे कारकून तीनदा आले होते. दोनदा नुसते भाव विचारून गेले. मी त्यांना सगळे दर कागदावर लिहून दिले, बांधणीचा नमुना दाखवला, तेव्हा तिसऱ्या दिवशी घेतले.” म्हणजे तो एक आकडा तीन दिवसांच्या कामाचा होता. पहिले दोन दिवस वहीत त्या कामाची नोंद शून्य रुपये.

म्हणून जे पुस्तकी लोक सांगतात, की विचित्र आकडा दिसला की तो गाळून टाका, त्यांचे मला पटत नाही. तो चुकीने लिहिला गेला असेल तर जरूर गाळा. पण पुष्कळदा सांगण्यासारखी गोष्ट नेमकी तिथेच दडलेली असते. तो आकडा गाळावा की ठेवावा, हे गणित ठरवत नाही. ते ज्याला माहीत आहे, त्या माणसाकडे जाऊन विचारावे लागते.

काही शिक्षक म्हणतील, नववी-दहावीच्या मुलांना दुकानदारीचे हिशेब कशाला? अभ्यासक्रम पुरा करायला आधीच वेळ अपुरा. मला हे मान्य नाही. आज वहीची जागा मोबाइलने आणि संगणकाने घेतली आहे. बेरीज-भागाकार यंत्र निमिषात करते, दिवस संपायच्या आत विक्रेत्यांची क्रमवारीही लावून देते. ज्या कामासाठी आपण मुलांना गुण देतो, नेमके तेच काम यंत्राने उचलले आहे. या वर्गातली कितीतरी मुले उद्या कुठल्या ना कुठल्या दुकानात, गोदामात, कार्यालयात अशा क्रमवारीच्या यादीत असतील, आणि काही जण ती यादी पाहून दुसऱ्याचा पगार ठरवत असतील. जून महिन्यात कामाला लागलेल्या माणसाची सरासरी वह्यांच्या दुकानात फुगलेलीच असणार आणि ऑक्टोबरात लागलेल्याची बसकीच असणार, एवढे तरी त्यांना दिसले पाहिजे. ते दिसायला कठीण सूत्र लागत नाही. बारा महिन्यांचे बारा खडे मांडून पाहण्याची सवय लागते.

माझी शिक्षकांना सूचना अशी, की सांख्यिकीच्या प्रकरणाचा पहिला आठवडा भागाकार बंद ठेवावा. मुलांनी शाळेच्या ग्राहक भांडारातून किंवा कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याकडून, त्यांची परवानगी घेऊन, दहा-पंधरा दिवसांचे आकडे आणावेत. ते जमिनीवर मांडावेत. कुठे दाटी आहे, कुठे भोक आहे, कोणता खडा दाराबाहेर गेला, ते बघावे. मग ज्याचे आकडे आहेत त्याला बोलावून विचारावे, की या दिवशी काय झाले होते. पाऊस, बाजारचा दिवस, गावची जत्रा, घरातले आजारपण, काहीही निघेल. सरासरी पुढच्या सोमवारी काढली तरी चालेल.

त्या दुकानात पुढे काका आणि ताई दोघेही राहिले. कच्च्या वहीत दोन नवे रकाने आले: एक तासांचा आणि एक ‘शेरा’ असा. पुढच्या सुट्टीत मी गेलो तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात काकांच्या अक्षरात बहुतेक दिवशी एकच शब्द होता, ‘नित्याप्रमाणे’. एका दिवशी मात्र लिहिले होते, ‘पाऊस फार. गिऱ्हाईक दोन. एकाने छत्री विसरली, ती परत दिली.’