पितळी मूठ काढू नका

खंडाळ्याच्या पावसाळी दमट हवेत प्रयोगशाळेच्या दाराची पितळी मूठ काळवंडते. मग कोणीतरी सुचवतेच, "चकचकीत स्टेनलेस स्टीलची बसवा!" विद्यार्थिमित्रांनो, माझे मत उलट आहे. स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो. म्हणून ते सहसा गंजत नाही, धुण्यासही सोपे. परंतु ते जंतू मारत नाही. २०२० साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात करोनाचे संसर्गक्षम विषाणू स्टीलवर ४८ तासांनंतरही आढळले; तांब्यावर ४ तासांनंतर एकही नाही. पितळेत निम्म्याहून अधिक तांबेच असते. उपकरणांचे तबक रोज धुतले जाते, ते खुशाल स्टीलचे घ्या. मूठ कोण धुतो? तिच्यावर व्हार्निश मात्र नको (आमच्याकडे एकदा लावलेच!), त्याखालचे तांबे जंतूंपर्यंत पोहोचत नाही.