‘प्रायमरी’ म्हणू नका, टीबी म्हणा

“डॉक्टर, याला लहानपणी प्रायमरी होता. सहा महिने औषधं दिली होती.”

“म्हणजे टीबी होता का?”

“छे छे, टीबी नाही. प्रायमरी!”

पुण्यात मुलं तपासताना हा संवाद मी अनेकदा ऐकला आहे. पालकांना दोष देत नाही. हा शब्द आम्ही डॉक्टरांनीच त्यांच्या तोंडी दिला. टीबीचे जंतू पहिल्यांदा शरीरात शिरल्यावर फुफ्फुसात होणारी लहानशी जखम आणि तिच्याजवळ सुजलेल्या गाठी, याला ‘प्रायमरी कॉम्प्लेक्स’ म्हणतात. टीबीचं नाव काढलं की घर हादरतं, म्हणून आम्ही हा शब्द पडद्यासारखा वापरला. त्या पडद्याआड तीन चुका बिनबोभाट चालतात.

पहिली चूक : नसलेल्या टीबीचं औषध

मूल जेवत नाही, बारीक आहे, सारखी सर्दी होते, मानेत वाटाण्याएवढ्या गाठी हाताला लागतात. मांटू केली, हातावर फुगवटा आला, की झाला कोर्स सुरू! मांटू पॉझिटिव्ह म्हणजे जंतू कधीतरी शरीरात शिरले, इतकंच. आजार आहे, हे त्यावरून ठरत नाही. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ठरवणाऱ्या तपासण्यांवर तर केंद्र सरकारने २०१२ मध्येच बंदी घातली आहे. टीबीची औषधं म्हणजे भूक वाढवणारं टॉनिक नव्हे. त्यांचा यकृतावर परिणाम होऊ शकतो.

दुसरी चूक : असलेला टीबी न ओळखणं

दोन आठवड्यांहून जास्त ताप किंवा खोकला, वजन घटणं किंवा अजिबात न वाढणं, अँटिबायोटिक देऊनही कमी न होणारी मोठी गाठ, आणि घरात टीबीचा रुग्ण. यातलं काही असेल तर छातीचा एक्स-रे आणि सीबीनॅट किंवा ट्रूनॅट करून घ्या. सरकारी केंद्रात ही तपासणी मोफत होते आणि काही तासांत कळते. लहान मुलाला बेडका काढता येत नाही, म्हणून सकाळी उपाशीपोटी नाकातून नळी घालून पोटातलं पाणी घेतात. पालक इथेच माघार घेतात. घेऊ नका. दोन मिनिटांच्या रडण्यापेक्षा सहा महिने अंदाजाने दिलेलं औषध वाईट. मुलांमध्ये जंतू कमी असल्याने अहवाल निगेटिव्ह आला तरी टीबी नाहीच असं नसतं. मग सगळी लक्षणं एकत्र पाहून डॉक्टर निर्णय घेतात.

ताप, उलट्या आणि मूल गुंगीत, किंवा झटके आले, तर थांबू नका. मेंदूज्वर असू शकतो. बीसीजीची लस अशा गंभीर टीबीपासून बरंच संरक्षण देते, पण हमी देत नाही.

तिसरी चूक : मुलाला टीबी दिला कुणी, हे न विचारणं

माझ्या मते ही सर्वांत मोठी चूक. लहान मूल सहसा टीबी पसरवत नाही, ते मोठ्यांकडून घेतं. ज्या आजोबांचा खोकला ‘बिडीचा’ म्हणून सोडून दिला, त्यांची थुंकी तपासली का? टीबी म्हटलं असतं, तर हा प्रश्न निघाला असता. ‘प्रायमरी’ म्हटल्यावर कोण विचारणार? उलट, घरात मोठ्या माणसाला टीबी निघाला, तर पाच वर्षांखालच्या मुलाला आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध द्यायचं असतं.

नाव लपवल्याने आणखी एक नुकसान होतं. २०१२ पासून टीबीची नोंद खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. नोंद झाली तर औषधं मोफत, शिवाय उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १,००० रुपये मिळतात.

नेहमीच्या टीबीत दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. मेंदूच्या आणि हाडांच्या टीबीत उपचार जास्त काळ चालतात. डोस वजनावर ठरतो, म्हणून दर महिन्याला वजन करा. लघवी केशरी झाली तर घाबरू नका. डोळे पिवळे दिसले किंवा उलट्या थांबेनात, तर लगेच या. महिन्याभरात मूल खेळू लागेल, तरी औषध थांबवू नका.

डॉ. आनंदीबाई जोशी याच पुण्यात २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने गेल्या, अवघ्या २१ वर्षांच्या असताना. रॉबर्ट कॉखने जंतू शोधून पाच वर्षं झाली होती, पण औषध कुणाकडेच नव्हतं. आज औषध आहे, तेही फुकट. पुढच्या वेळी कुणी ‘प्रायमरी’ म्हटलं, तर सरळ विचारा : “डॉक्टर, हा टीबी आहे का? कशावरून? आणि घरात कुणाकुणाची तपासणी करू?”