दुसऱ्या पेठेतलं बघून यावं

महिला मंडळांच्या वर्षाच्या कार्यक्रमांत ‘आजी-नातवंडं मेळावा’ हटकून असतो. हेतू चांगलाच. पण होतं काय? आजींना पुढच्या रांगेत बसवायचं, हातात गुलाबाचं फूल द्यायचं, मुलांनी दोन नाच करायचे, चहा-चिवडा झाला की सतरंज्या गुंडाळायच्या. तेवढ्या वेळात आजी आणि मुलं एकमेकांशी दोन वाक्यंही बोलत नाहीत! पुढच्या वर्षी आजी म्हणतात, “गुडघे दुखतात गं, तुम्हीच जा.” गुडघे दुखतात हे खरंच; पण तिथे आपलं काही काम नाही, हेही त्यांनी ओळखलेलं असतं.

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथल्या ‘आजीबाईंच्या शाळे’बद्दल पुष्कळजणींनी वाचलं असेल. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांच्या कल्पनेतून ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू झाली. साठी ओलांडलेल्या आजी गुलाबी नऊवारी नेसून, दप्तर घेऊन पाटीवर अक्षरं गिरवू लागल्या. वेळ ठेवली दुपारची, कामं आटोपल्यावरची. शिकवायला गावातलीच सून. तिच्या सासूबाईही विद्यार्थिनींत! आणि घरी अभ्यासाला मदत करायला नातवंडं. बघा, प्रत्येकाला काम होतं.

आता हीच शाळा आपल्या पेठेत जशीच्या तशी चालेल असं नाही. आपल्याकडच्या कितीतरी आजी सातवी-मॅट्रिक झालेल्या असतात. त्यांना कदाचित मोबाइल शिकायचा असेल, आणि मुलांना वाकळ शिवायला किंवा पंचमीची गाणी म्हणायला शिकवायची असतील. नेमकं काय जमतं हे कसं कळावं? मला वाटतं, दोन मंडळांनी जोडी जमवावी. एकमेकींचा कार्यक्रम बघायला जावं. जाताना आपली एक आजी आणि दोन मुलं बरोबर न्यावीत, कारण त्यांना जे दिसतं ते आपल्याला दिसत नाही.

गेल्यावर हार-तुरे नकोत. एका बाजूला बसून एवढंच बघावं :

● मोबाइल आजींच्या हातात राहिला, की “दे आजी, मी करतो” म्हणून नातवानं काढून घेतला? घेतला, तर आजी शिकल्या नाहीत.

● वाकळ शिवताना मुलं केव्हा चुळबुळायला लागली? अख्खी वाकळ मुलांच्या आवाक्यातली नाही. प्रत्येकाला वीतभर चौकोन दिला तर तो पुरा होतो.

● कोण सगळ्यांत जास्त बोललं? बहुतेक वेळा आपण, संयोजक बायकाच!

● आजींना जिना चढावा लागला का? घरी परतायला अंधार झाला का?

नंतर आठवड्याभरात चहाला एकत्र बसावं. आधी “तुमची ही गोष्ट आम्ही उचलणार” असं सांगावं, मग खटकलेली एकच गोष्ट सांगावी. एकच, बरं का! दहा सांगितल्या तर पुढच्या वेळी कुणी बोलावणार नाही. पाहुण्यांचं ऐकताना “आमच्याकडे असंच असतं” हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. एका साध्या वहीत ते लिहून ठेवावं आणि पुढच्या कार्यक्रमाआधी उघडून बघावं.

कुणी म्हणेल, कोल्हापुरात आणि एक पेठ दुसऱ्या पेठेकडून शिकणार? फुटबॉलला शाहू स्टेडियमवर आपली ईर्षा कशी असते ते ठाऊक आहे. ती तिथं शोभते. पण चटणीचं प्रमाण आपण शेजारणीला विचारतोच की! डंकावर मिरची कुटायला गेल्यावर तर अनोळखी बाईलाही विचारतो. तसंच हे विचारायचं.

दोन-तीन महिने करून बघा. कार्यक्रम सुधारला की नाही, याची परीक्षा सोपी आहे. सतरंजी गुंडाळताना एखाद्या आजींनी “पुढचा कधी गं?” असं आपणहून विचारलं, की समजा, जमलं.