ओझरचं विमान आणि आमची जर्नल

आधीच सांगते, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सुधारून घ्याव्यात, मतं मात्र तशीच ठेवावीत!

विषय निघाला मेसमध्ये. 26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 ला निरोप दिला आणि पुढच्याच महिन्यात, 17 ऑक्टोबरला, नाशिकजवळच्या ओझरला बनलेलं पहिलं तेजस मार्क-1ए उडालं. मी कौतुकाने सांगायला लागले, तर मैत्रीण म्हणाली, "अगं, त्यात काय एवढं? पार्ट आणायचे आणि स्क्रू पिळायचे!" मला रागच आला. रात्री झोप येईना, कारण ती निम्मी बरोबर होती.

परभणीहून तपोवनने नाशिकला जाताना निफाड लागतं. ओझर त्याच तालुक्यातलं. तिथे 1964 पासून एचएएलचा कारखाना आहे. मिग-21 शेकड्यांनी बनली, मग मिग-27, मग सुखोई-30. आधी तयार सुटे भाग यायचे, हळूहळू कच्च्या मालापासून काम होऊ लागलं. याला स्क्रू पिळणं म्हणणाऱ्याने आमच्या वर्कशॉपमध्ये फाइल घासून एक जॉब काटकोनात आणून दाखवावा. माझा तिसऱ्यांदा जमला होता.

पण ड्रॉइंग रशियाचं होतं. ज्याचं ड्रॉइंग, शेवटचा शब्द त्याचा. इथे मैत्रीण जिंकते.

मोठ्या देशाशिवाय हे जमत नाही असं म्हणाल, तर बाल्टिक समुद्राकाठचा लिथुआनिया बघा. आपल्या परभणी-हिंगोलीत मिळून असतील साधारण तेवढीच माणसं. तिथल्या अंतानास गुस्तायतिस नावाच्या हवाई दलातल्या अधिकाऱ्याने 1925 ला स्वतःच्या डिझाइनचं विमान उडवलं. पॅरिसला जाऊन इंजिनिअरिंग शिकला तो त्यानंतर! (आमच्याकडे उलटं. डिग्री आधी, विमान कधीच नाही.) त्याच्या ‘अन्बो’ जातीची विमानं कौनास शहरातल्या वर्कशॉपमध्ये बनत. 1934 ला त्यातली तीन विमानं घेऊन तो युरोपभर फिरून आला. इंजिन मात्र त्यालाही बाहेरचंच घ्यावं लागलं. 1940 ला सोव्हिएत फौजांनी देश गिळला आणि 1941 ला मॉस्कोत त्याला गोळी घातली. म्हणजे विमानं असून देश वाचला नाही, हेही खरं. मी ते लपवत नाही.

तेजसचं ड्रॉइंग आपलं आहे, इंजिन अमेरिकन. 2021 ला 83 विमानांची ऑर्डर निघाली, पण इंजिनं वेळेवर आली नाहीत आणि सगळंच लांबलं. आपलं कावेरी इंजिन तेजसला पुरेसा जोर देऊ शकलं नाही.

आता मुद्द्याचं बोलते. रशियाच्या ड्रॉइंगवर नाक मुरडणारे आपण काय करतो? सबमिशनच्या आदल्या रात्री होस्टेलमध्ये एकच जर्नल दहा खोल्या फिरतं. रीडिंगसुद्धा तीच, चुकीसकट. मीही उतरवलंय. फायनल इयरला काही ग्रुप प्रोजेक्ट चक्क विकत आणतात, रिपोर्टसह. व्हायव्हात सरांनी विचारलं, ही शाफ्ट 20 एमएमचीच का? उत्तर नाही. ओझरच्या फिटरला निदान आपण काय बनवतोय ते माहीत असतं!

सर, मॅडम, दोष आमचा आहेच. पण वर्कशॉपला पाचला कुलूप लागतं आणि आमची लेक्चर्सही पाचलाच सुटतात. लेडीज होस्टेलची वेळ सात. मग स्वतःचं काही बनवायचं तर कधी?

यंदा आमच्या चौघींच्या ग्रुपने प्रोजेक्ट विकत न घेता लहानसं ग्लायडर करायचं ठरवलंय. बाल्सा लाकूड पुण्याहून मागवलंय. आठवड्यातून दोन दिवस वर्कशॉप साडेसहापर्यंत उघडं ठेवावं, असा अर्ज ऑफिसात दिला आहे. सह्या 41 झाल्यात. उरलेल्यांनी रूम नंबर 12 मध्ये येऊन कराव्यात.