वकीलपत्र कोणाचे घ्यायचे?

"बॉम्ब फोडणाऱ्याला वकील कशाला पाहिजे? सरळ लटकवा की!" जोगेश्वरी स्टेशनाबाहेरच्या टपरीवर हे वाक्य कितीदा ऐकू येते याची मोजदाद नाही. बोलणारा माणूस वाईट नसतो. 11 जुलै 2006 च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांत अवघ्या अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. त्यांतला एक जोगेश्वरीचा. नोकरी संपवून घरी निघालेली पावणेदोनशेहून अधिक माणसे मेली, शेकडो जायबंदी झाली. रुळांलगतच्या वस्त्यांतली माणसे चादरी घेऊन धावली. ज्याने ते पाहिले त्याला कायद्याची कलमे ऐकवायला जाऊ नये. त्याचा संताप आमचाही आहे.

पण कामगार बंधूंनो, लटकवायचा तो हाच, हे ठरवायचे कोणी?

तेरा जणांवर खटला चालला. नऊ वर्षांनी, 2015 साली, खास मोक्का कोर्टाने एकाला सोडले, पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. टपरीवाल्यांच्या मनासारखे झाले असते, तर ते पाच जण तेव्हाच गेले असते. 21 जुलै 2025 रोजी मुंबई हायकोर्टाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. बॉम्ब कोणत्या जातीचा होता हेच सरकार पक्षाला शाबीत करता आले नाही. कबुलीजबाब एकमेकांची नक्कल केल्यासारखे निघाले आणि ते मारहाण करून घेतल्याचा आरोप कोर्टाने उडवून लावला नाही. साक्षीदारांनी आरोपी ओळखले ते स्फोटानंतर कित्येक दिवसांनी, एवढ्या दिवसांनी चेहरा ध्यानात राहतो कसा, असे कोर्टाने विचारले. बारांतला एक तर 2021 मध्ये नागपूरच्या तुरुंगात करोनाने मेला. त्याची सुटका कागदावरच झाली. सरकार सुप्रीम कोर्टात गेले. तिथे 24 जुलै 2025 रोजी हा निकाल दुसऱ्या खटल्यांत दाखला म्हणून धरू नये एवढे सांगण्यात आले, पण सुटलेल्यांना परत आत धाडले नाही.

आता हिशेब करा. एकोणीस वर्षे हे आत. आणि हे नव्हेत, तर गाडीत बॉम्ब ठेवणारे कोण? ते एकोणीस वर्षे कुठे जेवले, कुठे झोपले? ज्यांचा मुलगा, ज्यांची लेक त्या डब्यात गेली, त्यांच्या पदरात काय पडले? वकिलांनी गुन्हेगार सोडवले म्हणून ओरडणाऱ्यांनी हा सवाल आधी तपासवाल्यांना टाकावा.

जोगेश्वरीला तर ही दुसरी ठेच. जानेवारी 1993 च्या दंगलीत राधाबाई चाळीच्या प्रकरणात झोपलेली माणसे खोलीत कोंडून जाळली. टाडा कोर्टाने 1996 साली अकरा जणांना जन्मठेप दिली, आणि 1998 साली सुप्रीम कोर्टाने ते सगळे सोडले. जळालेल्यांच्या नातलगांना अजूनही कोणी सांगितलेले नाही की काडी कोणी लावली. कच्चा पुरावा घाईने उभा केला की असेच होते, मग आरोपी हिंदू असो की मुसलमान.

गिरणीत आपण हे अंगावर सोसून शिकलो. ठाणात दोष निघाला की तपासनीस साचेवाल्याकडे बोट दाखवी. साचेवाला म्हणे, "अहो, सूतच कच्चं आलंय!" त्याचे ऐकायचे कोणी? म्हणून साहेबाने चार्जशीट हातात ठेवली की एकट्याने आत जायचे नाही, युनियनचा माणूस बरोबर न्यायचा, ही आपली रीत पडली. तो माणूस काय चोराचा साथीदार होता?

आणि 1929 आठवा. 20 मार्चला गिरणी कामगार युनियनचे डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर पकडून मीरतेला नेले. आरोप काय, तर बादशहाचे राज्य उलथण्याचा कट! पुढाऱ्यांपैकी अनेकांचे त्यांच्याशी पटत नव्हते, तरी मोतीलाल नेहरूंसारख्यांनी बचाव समिती काढली. 1933 साली अलाहाबाद हायकोर्टाने काही जणांना सोडले, बाकीच्यांच्या शिक्षा बऱ्याच कमी केल्या. त्या दिवशी "यांना वकील कशाला" असे कोणी म्हटले असते, तर परळ-लालबागने त्याला चाळीत पाऊल ठेवू दिले नसते.

कोणी म्हणेल, कसाबला तर सगळ्या जगाने फोटोत पाहिला होता. खरे. त्यालाही वकील दिला, आणि 21 नोव्हेंबर 2012 रोजी तो फासावर गेला तेव्हा त्याचे ऐकलेच नाही असे बोलायला कोणाला तोंड उरले नाही. पण त्याच खटल्यात नकाशे पुरवल्याच्या आरोपाखाली दोन भारतीयही पिंजऱ्यात उभे होते. कोर्टाने दोघांना 2010 साली सोडले, सुप्रीम कोर्टानेही ते कायम केले. त्यांतल्या एकाचा वकील शाहीद आझमी. टाडाखाली तिहारमध्ये वर्षे काढून सुटलेला, मग कायदा शिकलेला तरुण. निकाल ऐकायला तो उरला नाही. 11 फेब्रुवारी 2010 रोजी कुर्ल्याच्या कचेरीत त्याला गोळ्या घातल्या. काही ठिकाणी वकीलमंडळींनीच ठराव केले, अमक्याचे वकीलपत्र घेणार नाही म्हणून. त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने असले ठराव बेकायदा ठरवले. वकिलीचा झगा घालून असा ठराव करणाऱ्यांची आम्हांला शरम वाटते.

आता घरचे बोलू. पोरगा मारामारीत सापडला, 'हाफ मर्डर' लावला, की आपण दागिना गहाण टाकतो आणि कोर्टाच्या दारातल्या दलालाला गाठतो. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमात कोठडीतल्या माणसाला फुकट वकिलाचा हक्क आहे. त्याच कलमात औद्योगिक कामगाराचेही नाव आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? या वकिलांना मेहनताना तुटपुंजा मिळतो आणि काही जण कामही तसेच करतात, हे आम्ही झाकत नाही. त्यासाठी भांडायचे, हक्क सोडायचा नाही.

अटकेपासून चोवीस तासांच्या आत माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा करावा लागतो. वकील हवा का, हे मॅजिस्ट्रेटने तिथेच विचारले पाहिजे, असे सुप्रीम कोर्टाने कसाबच्याच निकालात सांगितले आहे. विचारले नाही तर आरोपीने स्वतः तोंड उघडावे, "साहेब, मला वकील पाहिजे, सरकारी खर्चाने." कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. मारहाण झाली असेल तर ती त्याच दिवशी, त्याच मॅजिस्ट्रेटला सांगून लिहून घ्यायला लावायची. महिन्याने सांगितलेली कोणी खरी धरत नाही. घरच्यांनी 15100 या नंबरावर फोन लावावा, तो फुकट आहे.